पॉप्युलिस्ट 1896 ला संपले, मग त्यांच्या मागण्यांचे कायदे कसे झाले?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या 1896 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ब्रायन हरले आणि त्यांना पाठिंबा देणारी पीपल्स पार्टी, म्हणजे पॉप्युलिस्ट शेतकऱ्यांचा पक्ष, विरघळली. तरी पुढच्या वीस वर्षांत आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, पोस्टातली बचत बँक, सार्वमत या तिच्याच मागण्या एकेक करून अमलात आल्या. मग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची सुधारणावादी मंडळी, पॉप्युलिस्टांचे वारस म्हणायची का?

गाइडांत याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं: पॉप्युलिस्ट म्हणजे खेड्यातले प्रोग्रेसिव्ह, प्रोग्रेसिव्ह म्हणजे शहरातले पॉप्युलिस्ट. मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवला. ही ओळ उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचली आहे की ती दिसली की माझा पेन आपोआप थांबतो. मागण्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली तर ती खरी वाटते. त्या मागण्या कोणी, कशासाठी केल्या होत्या हे पाहिलं की फिसकटते.

सुरुवात चांदीच्या नाण्यांच्या गाजलेल्या मागणीपासून करू नका, उधारीपासून करा. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत बँका जवळजवळ उरल्याच नव्हत्या. कापूस पिकवणाऱ्याला बी-बियाणं, खारवलेलं डुकराचं मांस, मक्याचं पीठ, कॉफी, कापडचोपड हे सगळं गावातला दुकानदार उधार देई आणि त्यापोटी उभं पीक स्वतःच्या नावावर तारण लिहून घेई. दुकानात प्रत्येक मालाचे दोन भाव असत, रोखीचा आणि उधारीचा. उधारीचा भाव चांगलाच चढा, वर व्याज वेगळं. पीक कोणतं घ्यायचं तेही दुकानदार ठरवी, आणि तो कापूसच सांगे, कारण कापूस खाऊन संपत नाही आणि विकायला कधीही विकता येतो. शरद ऋतूत सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात यायचा, भाव पडायचा आणि हिशेब मिटवायला गेलेल्या शेतकऱ्याला कळायचं की यंदाही बाकी निघते आहे. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला पौंडाला पंधरा सेंटांच्या आसपास असलेला कापूस 1894 मध्ये पाच सेंटांच्याही खाली गेला. कर्ज मात्र डॉलरात होतं, ते तेवढंच राहिलं.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. 1861 ते 65 मध्ये अमेरिकी कापूस जगाच्या बाजारात येईनासा झाला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि गावोगावच्या सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, अमेरिकी कापूस परतला, भाव उतरला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. सारावाढीसारखी इतर कारणंही त्यामागे होती, पण त्याच एका बाजाराच्या दोन टोकांना साधारण एकाच सुमारास कर्जाचा फास आवळत होता. आपल्याकडे त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, म्हणजे सरकारने वरून दिलेला दिलासा. टेक्सासमध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची संघटना उभी केली.

ही संघटना म्हणजे फार्मर्स अलायन्स. 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधल्या लॅम्पासस परगण्यात ती सुरू झाली. तिचे फिरते व्याख्याते गावोगाव जाऊन पतपुरवठा, रेल्वेचे दर, चलन यांवर बोलत. नुसतं बोलून भागत नाही म्हणून चार्ल्स मॅक्यून या नेत्याने डॅलसमध्ये सहकारी एक्स्चेंज काढलं: सगळ्यांचा कापूस एकत्र विकायचा, अवजारं आणि किराणा ठोकात घ्यायचा, दुकानदाराला वगळायचं. कल्पना चालली, भांडवल मिळालं नाही. सभासदांच्या सामूहिक हमीपत्रांवर कर्ज द्यायला बँकांनी नकार दिला आणि एक्स्चेंज बसलं.

त्या अपयशातून मॅक्यून यांनी डिसेंबर 1889 मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात जी योजना मांडली ती या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे असं माझं मत आहे. तिचं नाव सब-ट्रेझरी योजना. परीक्षेत तिच्यावर सहसा दोन गुणांची टीप येते. ज्या परगण्यातून वर्षाला पाच लाख डॉलरांहून जास्त शेतमाल विकला जातो तिथे केंद्र सरकारने गोदाम बांधावं. शेतकऱ्याने न नासणारा माल तिथे ठेवावा. स्थानिक बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम सरकारने त्याला वर्षाला एक टक्का व्याजाने कर्ज म्हणून द्यावी, तीही नव्याने छापलेल्या सरकारी नोटांत. माल वर्षाच्या आत केव्हाही विकायची मुभा.

आकड्यांत बघा. समजा, एकाकडे दहा गासड्या आहेत, गासडी पाचशे पौंडांची आणि भाव आठ सेंट. म्हणजे चारशे डॉलरांचा माल. गोदामात ठेवताच हातात तीनशे वीस डॉलर, वर्षाचं व्याज तीन डॉलर वीस सेंट. दुकानदाराची बाकी तो ऑक्टोबरातच चुकवेल आणि कापूस उन्हाळ्यात भाव चढल्यावर विकेल. पुढच्या वर्षी त्याला दुकानदाराकडे उधारीला जावंच लागणार नाही. शिवाय हंगामात जेव्हा पैशाची टंचाई असते नेमक्या तेव्हाच देशात नोटा वाढतील आणि माल विकला गेला की परत आटतील. म्हणजे भाव, व्याज आणि चलन या तिन्हींच्या नाड्या एकदम बँकवाल्यांच्या हातून सुटणार होत्या. वर्तमानपत्रांनी योजनेची यथेच्छ टर उडवली. दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांना अलायन्सची मतं हवी होती, पण ही योजना नको होती. म्हणून वेगळा पक्ष काढावा लागला.

4 जुलै 1892 ला ओमाहात पीपल्स पार्टीने जाहीरनामा संमत केला. सब-ट्रेझरी किंवा तिच्याहून चांगली एखादी पद्धत, चढता आयकर, पोस्टातल्या बचत बँका, रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारच्या मालकीचे, आणि चांदीची मुक्त टांकसाळ (कोणीही आणलेल्या चांदीची नाणी पाडून द्यायची, म्हणजे चलन वाढेल). नोव्हेंबरात त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून जास्त मतं आणि 22 इलेक्टोरल मतं (राज्यवार मोजली जाणारी, अध्यक्ष ठरवणारी) पडली. नव्या पक्षासाठी हे थोडं नव्हतं.

इथे एक बाजू बहुतेक टिपणांतून गळते. गोऱ्या अलायन्समध्ये काळ्या शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता, त्यांची वेगळी कलर्ड फार्मर्स अलायन्स 1886 मध्ये टेक्सासमध्ये निघाली होती. सप्टेंबर 1891 मध्ये तिच्या पुढाकाराने कापूस वेचणाऱ्यांचा संप पुकारला गेला, मागणी शंभर पौंडांना एक डॉलर. गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडस पोक यांनी संपाला उघड विरोध केला, कारण मजुरी देणारे त्यांचेच सभासद होते. आर्कान्सॉच्या ली परगण्यात तो संप बंदुकांनी मोडला गेला आणि त्याचा पुढारी बेन पॅटरसन याच्यासह पंधराच्या आसपास काळी माणसं मारली गेली. त्यानंतरच्याच वर्षी जॉर्जियात टॉम वॉटसन काळ्या आणि गोऱ्या कुळांना सांगत होते की तुम्हाला वेगळं ठेवलंय ते वेगवेगळं लुटता यावं म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उत्तर लिहिताना एकच उचलू नका.

आता चांदी. 1893 मध्ये मंदी आली आणि सगळी चर्चा चांदीने व्यापली. त्यात मुंबईचाही धागा आहे. 26 जून 1893 ला ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद केल्या. जगातला चांदीचा एवढा मोठा गिऱ्हाईक बाजारातून उठल्यावर भाव कोसळला. चार दिवसांनी, 30 जूनला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी अमेरिकी संसदेचं खास अधिवेशन बोलावलं आणि 1 नोव्हेंबरला सरकारी चांदीखरेदीचा 1890 चा कायदा रद्द झाला. (टांकसाळी बंद करण्याच्या याच निर्णयाची चिकित्सा पुढे डॉ. आंबेडकरांनी रुपयावरच्या आपल्या लंडनच्या प्रबंधात केली.) पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणमालकांनी चांदीच्या प्रचाराला पैसा पुरवला. घोषणा सोपी होती: सोळा भार चांदीला एक भार सोनं. गोदाम, पावती, हंगामी नोटा हे समजावून सांगायला व्याख्याता लागतो. चांदीला बिल्ला पुरतो.

जुलै 1896 मध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचं सोन्याच्या चलनाविरुद्धचं ‘सोन्याच्या क्रुसाचं’ ते गाजलेलं भाषण झालं. ते वाचून पाहा, सब-ट्रेझरीचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. तरी पंधरवड्याने पॉप्युलिस्टांनी त्यांनाच उमेदवारी दिली, फक्त उपाध्यक्षपदासाठी आपले वॉटसन ठेवले. निकाल इलेक्टोरल मतांत: रिपब्लिकन मॅकिन्ली 271, ब्रायन 176. माझ्या मते पॉप्युलिस्ट नोव्हेंबरातल्या मतदानात हरले नाहीत, जुलैतच हरले होते. पुढे दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं बाजारात आलं, भाव सुधारले आणि सामान्य मतदाराच्या लेखी चलनाचा प्रश्न थंडावला.

मग प्रोग्रेसिव्ह कोण? वेगळी माणसं, वेगळी वस्ती. वकील, प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर, शिकलेल्या स्त्रिया. त्यांच्यापुढचे प्रश्न म्हणजे शहरातल्या झोपड्या, कारखान्यातली पोरं, नगरपालिका खिशात घातलेले बॉस, प्रचंड कंपन्या. शिकागोतलं जेन ॲडम्स यांचं हल हाउस, फ्लॉरेन्स केली यांची बालमजुरीविरुद्धची मोहीम, 1906 चे अन्न-औषध आणि मांस-तपासणीचे कायदे, 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यात कुलूपबंद दारामागे 146 कामगार मेल्यावर झालेले कारखाना-सुरक्षेचे कायदे: या धाग्याचं मूळ ओमाहात शोधायला जाऊ नका. तिथे कामगारांसाठी सहानुभूतीचे ठराव होते, त्यापलीकडे फारसं नाही.

विस्कॉन्सिनचे ला फॉलेट हा प्रोग्रेसिव्हांचा शुद्ध नमुना. गव्हर्नर असताना त्यांनी पक्षाच्या उमेदवाराची निवड थेट मतदारांकडे सोपवली आणि रेल्वेच्या दरांवर आयोग बसवला. राजधानी मॅडिसनमध्ये विधिमंडळ आणि विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे विधेयकांचे मसुदे करायला प्राध्यापक हाताशी होते. लक्षात घ्या, पॉप्युलिस्टांना रेल्वे सरकारच्या मालकीची हवी होती. यांना ती खासगीच चालणार होती, फक्त दर तज्ज्ञांनी ठरवायचे. दोन्ही गोष्टींना ‘रेल्वेविरोधी’ म्हणून एका रकान्यात टाकलं की फरकच पुसला जातो.

खरा सांधा हवा असेल तर ऑरेगॉनला जा. विल्यम यूरेन हे 1896 मध्ये तिथल्या विधिमंडळात पॉप्युलिस्ट म्हणून निवडून आले. स्वित्झर्लंडच्या धर्तीचं सार्वमत आणायचं या एकाच ध्यासाने ते दिसेल त्या गटाशी सौदे करत राहिले. 1897 चं अधिवेशन कामकाजाशिवाय वाया घालवण्यात त्यांचा हात होता. 1902 मध्ये कायदा सुचवण्याचा आणि सार्वमताचा हक्क, 1904 मध्ये थेट प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायचा), 1908 मध्ये निवडलेल्याला परत बोलावण्याचा हक्क, हे सगळं ऑरेगॉनने घेतलं. पुढे गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी सदर्न पॅसिफिक रेल्वेशी झुंजताना 1911 मध्ये तेच कॅलिफोर्नियात नेलं. पण यूरेन यांनी ओमाहातून काय उचललं? मतदानाची यंत्रणा. गोदाम नाही, नोटा नाहीत.

राष्ट्रीय पातळीवर मागण्या पोहोचल्या त्या वाटेने झिजत. आयकराचं बघा. 1894 मध्ये तो आलाच होता, त्यासाठी संसदेत ब्रायनच झगडले होते. 1895 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 1909 मध्ये पुराणमतवादी सिनेटर ऑल्ड्रिच यांनी घटनादुरुस्तीला वाट दिली ती राज्यं मान्यता देणार नाहीत अशा हिशेबाने. राज्यांनी दिली, आणि फेब्रुवारी 1913 मध्ये सोळावी दुरुस्ती पक्की झाली. कर बसला तो तीन हजार डॉलरांपुढे एक टक्का, सगळ्यात वरच्या पायरीला सात. (त्याच वर्षी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्यांचे गुरू एडविन सेलिगमन हे आयकराच्या बाजूचे अमेरिकेतले आघाडीचे अर्थशास्त्रज्ञ होते.) दोन महिन्यांनी सतराव्या दुरुस्तीने सिनेटरांची थेट निवडणूक आली.

चलनाचं काय झालं? डिसेंबर 1913 चा फेडरल रिझर्व्ह, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, कायदा. ओमाहाची मागणी होती की सरकारने बँकांना वगळून थेट लोकांपर्यंत पैसा न्यावा. मिळाल्या बारा प्रादेशिक बँका, सभासद बँकांच्या भांडवलावर, वर सरकारी मंडळ. ब्रायन आता परराष्ट्रमंत्री होते. नोटा सरकारचं देणं म्हणूनच निघाल्या पाहिजेत, हे त्यांनी पदरात पाडून घेतलं. दक्षिणेच्या खासदारांनी आणखी एक कलम घालून घेतलं: या बँकांकडे पैसे उचलायला व्यापारी हुंड्या नव्वद दिवसांच्या, शेतीच्या हुंड्या सहा महिन्यांपर्यंत चालतील. हंगाम म्हणजे काय हे कायद्याला पहिल्यांदा कळलं ते त्या ओळीत. 1916 मध्ये शेतकी कर्जाचा कायदा झाला आणि गोदामांचाही. गोदामांच्या कायद्याने परवानाधारक गोदामाच्या पावतीला पत दिली, पण त्या पावतीवर कर्ज द्यायचं की नाही आणि किती टक्क्यांनी, हे खासगी बँकेवर सोडलं. मॅक्यून यांची योजना मधोमध कापली गेली: गोदाम आलं, सरकारचा पैसा आला नाही.

तो पैसा आला 1933 मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात. कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनने कापसावर पौंडाला दहा सेंट कर्ज दिलं. भाव चढला तर विका, नाही चढला तर कापूस सरकारचा, कर्ज फिटलं. पण ते पडलं जमीनमालकांच्या हातात, आणि लागवड कमी करण्याच्या सरकारी पैशाने अनेक कुळांना वाट्याची शेतंही सोडावी लागली. आपल्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच कुळातली आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवून किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत सहा महिने कर्ज मिळतं. तिचा अर्ज भरलेल्या शेतकऱ्याला सब-ट्रेझरी समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आणि मतदारांचं काय झालं, हे विसरलात तर उत्तर अर्धं राहील. नॉर्थ कॅरोलिनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र येऊन 1894 मध्ये विधिमंडळ जिंकले होते. नोव्हेंबर 1898 मध्ये विल्मिंग्टन शहराचं निवडून आलेलं सरकार सशस्त्र गोऱ्या जमावाने उलथवलं आणि दोन वर्षांत साक्षरतेची अट घालून काळ्यांचा मताधिकार काढून घेतला. लुइझियानात 1896 मध्ये 1,30,334 काळे मतदार नोंदलेले होते, 1904 मध्ये 1,342. मतदारयाद्यांची ही कत्तल ‘निवडणूक स्वच्छ करण्याच्या’ नावाखाली चालली होती, आणि थेट प्राथमिक निवडणूक दक्षिणेत आली ती फक्त गोऱ्यांसाठी. वॉटसन स्वतः उघड वर्णद्वेषी झाले आणि 1920 मध्ये त्याच सुरावर सिनेटवर गेले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने 1913 मध्ये वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत वर्णभेद सुरू केला, म्हणजे जे खासदार शेतीच्या हुंड्यांचं कलम मिळवत होते त्यांच्याच पक्षाने. उत्तरेतही मतदान घटलं, आणि देशभरात मिळून 1896 मध्ये 79 टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण 1912 मध्ये 59 च्या घरात आलं. तेही थिओडोर रूझवेल्ट, विल्सन, टाफ्ट आणि डेब्ज असे चौघे तगडे उमेदवार असताना!

म्हणून ‘वारस’ हा शब्द मी वापरत नाही. शेत तेच राहिलं, सातबारावर नाव दुसऱ्याचं लागलं. जी मागणी अधिकाऱ्यांमार्फत किंवा मतपत्रिकेमार्फत राबवता येत होती ती वाचली. ज्या मागणीने पत कोणाच्या हातात हे बदललं असतं, ती एकतर गळली किंवा तुकड्यातुकड्याने आली, आणि आली तेव्हा ती मागणाऱ्यांची संघटना शिल्लक नव्हती. इतिहासकारांत यावर तट आहेत. काही जण पॉप्युलिस्टांना हरवलेल्या जुन्या दिवसांसाठी हळहळणारे मानतात, काही जण 1913 ते 16 च्या कायद्यांमागे मुख्य रेटा शेतकी भागातल्या खासदारांचाच होता असं दाखवतात. संसदेतल्या मतदानाच्या नोंदी बघता मला दुसऱ्यांचं म्हणणं बरंच पटतं. फक्त ते खासदार कोणाच्या मतांवर आणि कोणाची मतं पुसून तिथे बसले होते, हे त्यासोबत लिहायला हवं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर एक काम करा. ओमाहाचा जाहीरनामा मुळातून वाचा, दोन-तीन पानांचाच आहे. त्यात मुख्य कलमं आणि शेवटी जोडलेले ठराव असे दोन भाग आहेत. आयकर आणि पोस्टातली बँक वरच्या भागात आहेत. सार्वमत, गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवडणूक हे सगळं खालच्या भागात, म्हणजे पक्षाच्या मुख्य कार्यक्रमाबाहेर. 1920 पर्यंत वरच्यातलं किती आणि खालच्यातलं किती अमलात आलं, याचा तक्ता स्वतः मांडा आणि उत्तराची रचना त्यावरून ठरवा.